पेनाची एकादशी

तात्यांच्या गालावर शाईचा डाग मी एकदाच पाहिला. उजव्या गालावर, मसुराएवढा, निळा. दिवसभर तो तसाच ठेवून ते बसले होते आणि येणारीजाणारी माणसं तोंड फिरवून हसत होती. मीही हसलो. तो डाग त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता हे मला त्या दिवशी कळलं नाही. चार महिन्यांनी कळलं, तेव्हा हसू पार आटून गेलं होतं.

त्यांचं नाव सांगत नाही. सगळे तात्या म्हणत, आणि इंदापुरात तेव्हा तात्या काही ते एकटेच नव्हते. धंद्यानं ते दस्तलेखक. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, जे म्हणाल ते लिहून देणार. राज्य अजून मुंबईचं होतं, नवे पैसे यायचे होते, आणि टंकलेखनाचं यंत्र तालुक्यात असलंच तर ते साहेबांच्या खोलीत झाकून ठेवलेलं असे. सगळा व्यवहार हातानं लिहिलेला. बाजाराकडच्या रस्त्याला एका बंद दुकानाची ओटी तात्यांनी भाड्यानं घेतली होती. तिथं दोन उतरती डेस्कं, मागं एक खिडकी, खिडकीत फळी. एक डेस्क त्यांचं, दुसरं माझं. मी मूळचा निरवांगीचा. सहा महिने गावच्या शाळेत मास्तरकी करून कंटाळलो आणि चोविसाव्या वर्षी, बायकोचे बोल खात, या धंद्यात शिरलो. त्या सहा महिन्यांच्या मास्तरकीवरून तात्यांनी मला जन्मभर मास्तर म्हटलं. त्यात मान किती आणि टोमणा किती हे मी कधी विचारलं नाही.

पहिलं वर्षभर त्यांनी मला स्वतःचं अक्षर गिरवायला लावलं. 'म' ची गाठ अशी, 'ळ' चं पोट असं. "गिऱ्हाइकाला ओटीवरचं अक्षर ओळखू आलं पाहिजे, माणूस नव्हे," असं त्यांचं म्हणणं. वर्षाअखेर दोघांच्या अक्षरातला फरक माझा मलाही सांगता येईना. मला त्याचा फार अभिमान वाटे. पुढं कोर्टात हाच अभिमान माझ्या गळ्याशी आला.

त्यांचं पेन काळं, जाडजूड, सोनेरी क्लिपचं. मधे फिरकी, ती उघडायची आणि नळीत ड्रॉपरनं शाई सोडायची. हे पेन महिन्यातून दोनदा, दर एकादशीला, उपास करी. तात्या स्वतः सोवळ्याओवळ्यातले नव्हते, देवळातही कामापुरते जात. पण एकादशीला सकाळी नऊ वाजता पेनातली शाई काढायची, पेन धुवायचं, दिवसभर आणि रात्रभर वाळू द्यायचं, आणि द्वादशीला सकाळी ताजी शाई भरायची, यात अकरा वर्षांत खंड नव्हता. द्वादशीच्या भरण्याला ते पारणं म्हणत. एकादशीला कुणी दस्त घेऊन आलं तर खिडकीकडं बोट दाखवत.

"उद्या या. आज त्याच्या पोटात काही नाही."

"मग दुसऱ्या पेनानं लिवा की तात्या."

"दुसरं पेन दुसऱ्याचं असतं."

धुण्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. तांब्याच्या फुलपात्रात गार पाणी. ऊन पाणी वर्ज्य, त्यानं निबेखालची जीभ वाकडी होते म्हणत. साबण तर नावालाही नाही. ड्रॉपरनं निबेच्या मागून पाणी सोडायचं, ते निबेतून थेंबथेंब गळू द्यायचं. पहिलं पाणी काळंनिळं, दुसरं आभाळी, तिसरं नितळ. तिसरंही निळसर आलं तर चौथं. नवीन माणसं निब उपटून काढतात, त्याचा त्यांना मनस्वी राग. "रोज दात घासता ना? उपटून घासता का?" मग पेन झटकायचं नाही, हातात धरून हलकं झुलवायचं. जुन्या धोतराचं मऊ फडकं निबेच्या चिरेला नुसतं टेकवायचं, पुसायचं नाही. फडकं आपण होऊन ओल पिऊन घेतं. शेवटी एका काचेच्या पेल्यात तेच फडकं घालून त्यात पेन निब खाली करून उभं करायचं, नळी शेजारी उपडी. पेला खिडकीतल्या फळीवर, सावलीत. "उन्हात वाळवतात ते पापड."

दुसऱ्या दिवशी वाळलं की नाही ते गालावर पाहत. निब हळूच उजव्या गालाला टेकवत आणि डोळे मिटून क्षणभर थांबत. बोटावर त्यांचा भरवसा नव्हता. बोटाला दिवसभर शाईची, थुंकीची, घामाची सवय. गालाला गारवा लगेच कळतो. गारवा लागला नाही की "कोरडं" म्हणून बाटलीचं बूच काढत.

मी एकदा विचारलं, एवढा सोस कशाला? थोडी ओल राहिली तर बिघडलं काय? त्यांनी ओलं पेन भरून चिठोऱ्यावर दहा ओळी लिहिल्या आणि पुढं केल्या. पहिल्या ओळी पाणचट, खालच्या ठळक. "वरच्या ओळी एका माणसानं लिहिल्या, खालच्या दुसऱ्यानं, असं वाचणारा म्हणेल. म्हणो न म्हणो, म्हणायला जागा राहते. दस्ताला एकच रंग पाहिजे." मी मान हलवली. कळलं सगळं, डोक्यात उतरलं काहीच नाही.

पहिलं पाणी मात्र ते फेकत नसत. ते एका बाटलीत साठे, आणि त्या फिकट पाण्यानं, टाकानं, ते मेव्हण्याला पत्र लिहीत. मेव्हणा सोलापूरकडं असे आणि त्यांचं फारसं पटत नसे. "वाचायची इच्छा असली तर दिव्याखाली धरील," म्हणत.

पेन दुसऱ्याच्या हातात जाणं शक्य नव्हतं. एकदा एक बडे अधिकारी रस्त्यानं जाताना ओटीशी थांबले, सहीला पेन मागितलं. तात्यांनी अदबीनं टाक बुडवून पुढं केला. "ते पेन दिसतंय की," साहेब म्हणाले. "आहे साहेब. पण ते माझ्या हाताला वळलंय, तुमची सही माझ्यासारखी होईल." साहेब हसले म्हणून निभावलं. मी आत बसून घाम पुसत होतो.

आणखी एक खोड. दस्त लिहून झाला की तो मोठ्यानं वाचून दाखवत, आणि घरची बाई बरोबर आलेली असली तर तिला पुढं बसवून दुसऱ्यांदा वाचत. नवरे वैतागत. "तिला काय समजतंय तात्या?" तात्या चष्म्यावरून बघत आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करत. आधी सावकाश वाचत, आता आणखी सावकाश वाचत.

आता बारामतीचं सांगायला हवं. एकादशीला पेन धुऊन पेल्यात ठेवलं की तात्या सकाळच्या एस्टीनं बारामतीला जात. शाई आणायला. इंदापुरात शाई मिळत होती, पण तिच्यात गाळ असतो असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळच्या गाडीनं परत येत, बगलेत कागदात गुंडाळलेली एक बाटली. दर एकादशीला एक. आमचं लिखाण कितीही असलं तरी महिन्याला दोन बाटल्या संपवायच्या तर सगळा तालुका विकायला काढायला हवा होता. ओटीच्या मागच्या कपाटात सीलबंद बाटल्यांच्या रांगा लागल्या होत्या. एकदा एका बाटलीच्या कागदावर मला तेलाचा डाग दिसला. मी म्हटलं, "तात्या, शाईला तेल सुटलं." त्यांनी कागद चुरगाळून खिशात घातला आणि तोंडात लवंग टाकली.

घरी काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, कडक एकादशीच्या. आख्खा दिवस पाण्यावर आणि संध्याकाळी दोन खजूर. तात्या आले की त्यांच्यापुढं राजगिऱ्याचा लाडू ठेवत, तात्या गंभीरपणे तो खात. काकू आळीभर सांगत, "आमच्याकडं माणसंच नव्हेत, ह्यांचं पेनसुद्धा एकादशी करतं." हे सांगताना त्यांचा चेहरा खरोखर उजळे. तात्या त्या वेळी छपराकडं बघत असत.

माघातली एक एकादशी. तात्या पेन धुऊन, पेल्यात ठेवून बारामतीला गेले. दहाच्या सुमाराला पळसदेवहून एक माणूस आला, धापा टाकत.

"तात्या कुठं हाइत?"

"बारामतीला गेलेत. काय काम?"

"मग तुमी चला. आबा लई शिरेस हाइत. बोली सुरू हाय तवर मृत्युपत्र लिवून घ्या म्हंत्यात. अकराची गाडी हाय, न्हाय तर मग सांजच्यालाच."

हे आबा पळसदेवचे एक वृद्ध शेतकरी. बायको नाही, मूल नाही. गावात घर आणि भीमेच्या काठाला स्वतः घेतलेली चार एकर गाळाची मळई, त्यात विहीर आणि एक खोप. नवऱ्यानं टाकलेली त्यांची धाकटी बहीण, जिला गाव आक्का म्हणे, वीस वर्षं त्यांच्याकडं राही, मळईत वांगी आणि उन्हाळ्यात वाळूत खरबुजं करी. मृत्युपत्र झालं नसतं तर सगळं एका पुतण्याला जाणार होतं, आणि आक्का रस्त्यावर. हे त्या माणसानं मला ओटीच्या पायरीवरच सांगितलं.

माझ्या पेनाची निब आदल्या दिवशी फाकली होती. टाक-दौत होती. टाक घेऊन गेलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मला वाटलं, पहिल्यांदाच एकटा परगावी चाललोय, मोठ्या कामाला, आणि खिशात टाक? खोटं कशाला सांगू, सोनेरी क्लिपचा मोह झाला. पेल्यातलं पेन काढलं, फडक्यावर दोनदा दाबलं, शाई भरली आणि खिशाला लावून गाडीत बसलो. जाताना दोनदा मान खाली घालून क्लिपकडं बघितलंही.

आबा खाटेवर होते, पण शुद्धीत. खोलीत आक्का, गावचे गुरुजी साक्षीला, आणि दुसरा एक शेजारी साक्षीला. आबा एकेक वाक्य सांगत होते, मी लिहीत होतो. आधी स्वतःची ओळख, मग घर पुतण्याला. मग ते थांबले, पाणी प्याले.

"आता लिवा. मळई, हीर, खोप, समदं आक्काला. तिनंच केलंय, तिलाच ऱ्हाऊ द्या."

पहिल्या ओळी फिकट उतरत होत्या हे मला दिसत होतं. खाली रंग चढत गेला. मला वाटलं, बरं झालं, पेन सुरू झालं. मजकूर वाचून दाखवला, आबांचा अंगठा घेतला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. शेजारी दाराशी विडी ओढत होता आणि गुरुजींना कमी ऐकू येत होतं. दोघांनी सह्या केल्या पण मजकूर नीट ऐकला नाही, हे पुढं निघालं. गुरुजींनी कागद पाकिटात घालून लाखेनं बंद केला आणि आपल्या पेटीत ठेवला. मी सांजेच्या गाडीनं परत. तात्या यायच्या आधी पेन धुतलं, घाईत, दोनच पाण्यांनी, आणि पेल्यात जसंच्या तसं उभं केलं. निदान मला तरी तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी पेन गालाला लावलं आणि डोळे मिटले. मी कागद खालीवर करत होतो. त्यांनी डोळे उघडले, पेन पुन्हा फुलपात्रात धुतलं आणि परत पेल्यात ठेवलं. गालावर निळा ठिपका.

"काल नीट वाळलं नाही," ते म्हणाले. "हवा दमट होती."

माघातली हवा! ओठ फुटत होते. पण मी "व्हय, जरा होती खरी" म्हणालो. दोन गिऱ्हाइकं त्यांनी माझ्याकडं पाठवली. दिवसभर लोक हसून गेले, कुणी तर "तात्या, नजर लागू नये म्हणून का?" असंही विचारलं. तात्यांनी डाग पुसला नाही.

आबा चार दिवसांत गेले. तेराव्याला गुरुजींनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं, आणि महिन्याभरात पुतण्यानं बारामतीच्या कोर्टात दावा लावला. त्याचं म्हणणं असं, की मृत्युपत्रात फक्त घराचं होतं. खाली जागा कोरी सोडून अंगठा घेतला आणि मग पाकीट बंद व्हायच्या आत, आक्काच्या सांगण्यावरून, मळईचा मजकूर कोऱ्या जागेत भरला. पुरावा काय? दोन शाया. घराचा मजकूर फिकट, मळईचा गडद. पुतण्याला दुसरा मुद्दा कुणी सुचवला कोण जाणे, पण तो अधिक वाईट होता. त्या दिवशी इंदापूरचे दोन लिहिणारे आले होते, असं त्यानं शपथेवर सांगितलं. वरचा भाग मी लिहिला, खालचा तात्यांनी, त्यांच्या पेनानं. अक्षर तर दोघांचं एकच.

समन्स हातात पडलं. त्याच दिवशी आक्का ओटीवर आली, पायरीवरच बसली. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

"आमी काय शिकल्यालो न्हाय. माज्या भावानं दिल्यालं त्या कागदावर हाय का न्हाय, तेवढं सांगा."

"आहे आक्का."

"मग ते खोटं हाय असं का म्हंत्यात?"

मी तात्यांकडं बघितलं. तात्या तिला म्हणाले, "कागद खरा आहे. शाईची चूक आहे. ती आमची." आक्का गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. फाकलेली निब, सोनेरी क्लिप, दोनच पाणी. लाज वाटत होती, आणि ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"ठाऊक आहे," तात्या म्हणाले.

"कधीपासून?"

त्यांनी उजव्या गालाला बोट लावलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो." मग डेस्कावरचे कागद सारखे करत, "चार महिने म्हणजे जरा जास्तच झालं मास्तर."

तारखेला तात्यांनी कपाटातली एक सीलबंद बाटली, फुलपात्र, ड्रॉपर आणि धोतराचं फडकं घेतलं. कोर्टात शपथ झाल्यावर त्यांनी जज्जसाहेबांकडं तांब्याभर पाण्याची परवानगी मागितली. सगळ्यांसमोर पेन धुतलं. पहिलं पाणी, दुसरं, तिसरं. घाई नाही. पुतण्याचे वकील दोनदा उठले, दोनदा साहेबांनी बसवलं. मग पेन फडक्यावर दोनदा दाबलं, मी दाबलं होतं तसं, शाई भरली आणि मृत्युपत्राचाच मजकूर, त्याच मापाच्या कागदावर लिहू लागले. पहिल्या ओळी पाणचट. पाचव्या ओळीला जरा निळं. आठव्याला गडद. साहेबांनी भिंग मागवलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"शाई बदलली असती तर एका ओळीत बदलली असती साहेब," तात्या म्हणाले. "इथं ती हळूहळू चढत गेलीय. दोन वेळा लिहिलेल्या कागदात असं होत नाही. हा ओल्या पेनाचा दोष आहे."

वकील उठले. "पेन तुम्ही यांना दिलं होतं?"

"नाही."

"म्हणजे यांनी न विचारता घेतलं?"

मी खाली बघत होतो.

"हो. विचारलं असतं तर मी दिलं नसतं, आणि म्हातारा तसाच गेला असता. तेव्हा विचारलं नाही ते बरंच झालं."

"की तुम्ही स्वतःच पेन घेऊन पळसदेवला गेला होतात? त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?"

इथं तात्या थांबले. पेन धुताना थांबले नव्हते, पण इथं थांबले. मागच्या बाकांवर इंदापूरची आठदहा माणसं होती, त्यातली दोघं आमच्याच आळीची. तात्यांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं.

"बारामतीत होतो."

"काय करत होतात?"

"शाई घेतली."

"शाई घ्यायला सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागते?"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भजी खात होतो."

"कसली भजी?" हे साहेबांनीच विचारलं.

"कांद्याची."

"एकादशीला?"

"दर एकादशीला, साहेब. अकरा वर्षं. स्टेशनजवळच्या हॉटेलात. आधी एक प्लेट, मग अर्धी."

कोर्ट हसलं. शिपाई हसला, पुतण्यासुद्धा हसला. जज्जसाहेबांनी कागद तोंडासमोर धरला. एकटी आक्का हसली नाही. ती तात्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, कारण आपली विहीर आणि खोप आता त्या भज्यांवर अडली आहे हे तिला बरोबर समजलं होतं.

पुढच्या तारखेला हॉटेलवाला आला. त्यानं सांगितलं, हे गृहस्थ दर एकादशीला येतात, कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसतात. माघातली ती एकादशी त्याला पक्की आठवत होती, कारण त्याच दिवशी त्याच्या घरी बारसं होतं आणि त्यानं तात्यांना वरची अर्धी प्लेट आपल्याकडून दिली होती. तात्या सांजेच्या गाडीपर्यंत तिथंच होते. पुतण्याचा दुसरा लिहिणारा असा नाहीसा झाला. निकाल आक्काच्या बाजूनं लागला. मळई तिची राहिली. पुढं वीसेक वर्षांनी धरणाचं पाणी आलं आणि ती मळई, ती विहीर, सगळं त्याखाली गेलं. पण तोवर तेवढे उन्हाळे तिनं तिथं खरबुजं काढली, आणि दर साली पहिली पाटी आमच्या ओटीवर येई.

पण मी पुढं पळालो. भज्यांच्या साक्षीनंतर आम्ही एस्टीनं परत येत होतो. तात्या खिडकीशी बसले होते, मांडीवर फुलपात्र. इंदापूर जवळ आल्यावर म्हणाले, "मास्तर, ते आळीतले दोघं दुपारच्या गाडीनं पुढं गेले ना?"

"गेले."

"मग पोचलं असेल घरी."

पोचलं होतं. काकू दारात नव्हत्या. अकरा वर्षं ज्यांच्या पेनाची एकादशी त्यांनी आळीभर मिरवली, त्या माणसाशी त्या पंधरा दिवस बोलल्या नाहीत. पुढची एकादशी आली. संध्याकाळी तात्यांच्या पुढं लाडू आला नाही; भाकरी, पिठलं आणि ठेचलेला कांदा आला. मी तिथंच होतो. काकू म्हणाल्या, "ज्याला जमते त्यानं करावी. पेनाची चालू द्या, ते बिचारं खरं वागतं." तात्यांनी भाकरी खाल्ली. मला हसू येत होतं आणि काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी हसलो नाही. त्यानंतर तात्या एकादशीला बारामतीला गेले नाहीत. घरीच उजळ माथ्यानं कांदा मिळू लागल्यावर त्यात गोडी राहिली नसावी, किंवा काकूंचं ते पाणी त्यांना दिसलं असावं. कपाटातली शाई आम्हांला जन्मभर पुरली.

त्याच एकादशीची सकाळ मात्र सांगायची राहिली. नऊ वाजले तरी तात्यांनी फुलपात्र काढलं नाही. खिशातलं पेन काढलं आणि माझ्या डेस्कावर ठेवलं.

"धुवा."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते डोळे मिटून भिंतीला टेकले होते. मी गार पाणी आणलं. पहिलं पाणी बाटलीत ठेवलं, मेव्हण्यासाठी. दुसरं, तिसरं. तिसरं मला निळसर वाटलं म्हणून चौथं. फडकं टेकवलं, पेल्यात उभं केलं, नळी उपडी. त्या रात्री मला धड झोप आली नाही, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

द्वादशीला सकाळी तात्यांनी फळीवरून पेन घेतलं. मला वाटलं, गालाला लावतील. ते माझ्या डेस्काजवळ आले, वाकले, आणि निब माझ्या उजव्या गालाला टेकवली.

मी डोळे मिटले. गारवा लागला नाही.

"काय म्हणतंय?"

"कोरडं."

त्यांनी माझा गाल निरखून पाहिला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"मग भरा, मास्तर."